वरचा कप की खालचा? घरच्या शेडमधली स्प्रे गन

खालच्या कपाची सक्शन गन, म्हणजे खाली लावलेल्या कपातून रंग नळीनं वर ओढणारी, स्वस्त आणि दणकट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, गेटला बरी. पण तिला ४५-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते आणि निम्म्याहून जास्त रंग धुकं होऊन उडतो. बॉनेटवर वाकवली की नळीचं तोंड रंगाबाहेर येतं, मग गन थुंकते. रंग अचानक थांबला तर आधी झाकणावरचं भोक टाचणीनं मोकळं करा. सुई-नोझल नंतर उघडा.

गाडीसाठी आमचं मत वरच्या कपाच्या एचव्हीएलपीला, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबानं रंग मारणाऱ्या गनला. बेसकोट (रंगाचा थर) आणि क्लिअर (वरचा पारदर्शक चकाकीचा थर) यांना १.३ किंवा १.४ मिमी नोझल, फिलर प्रायमरला (खालचा, ओरखडे भरणारा जाड थर) १.८. ट्रिगर दाबून धरूनच रेग्युलेटर (हवेचा दाब कमी-जास्त करणारा नॉब) २५-३० पीएसआयवर आणा. ट्रिगर सोडून वाचलेला आकडा फसवा. मग भिंतीवर जुनं वर्तमानपत्र चिकटवून वीतभर अंतरावरून एक फवारा मारा. पट्टा मध्ये जाड आला तर रंग घट्ट किंवा हवा कमी. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक, तर हवा जास्त.

हिची खोड एकच, हवा खूप खाते. मिनिटाला १० घनफुटांच्या आसपास. २ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर दमतो, दाब पडतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. तेव्हा एका वेळी एकच दार घ्या.

खानापूर, बेळगावच्या पावसाळ्यात गन कुठलीही असो, कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढा, हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावा. आणि हार्डनर (थर कडक करणारं रसायन) मिसळलेला क्लिअर कापडी मास्क बांधून मारू नका, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला बाधतं.