गाडी त्यांची, गाव माझं : गवताचं यंत्र आणि बाकीच्या सामानाचा अकरा महिन्यांचा अनुभव

घरात आम्ही छोटी मॉडेल रेल्वे मांडली आहे, तिच्या आजूबाजूचा माळ, झाडं, स्टेशन करायच्या सामानाबद्दल हे लिहितेय. घाईत असाल तर एवढंच वाचा. गवत उभं करायचं यंत्र जरूर घ्या, पण पावसाळ्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. लेझरने कापलेलं स्टेशनचं किट घेऊ नका. आणि झाडांच्या पाल्यासाठी फोम फिरवायला मिक्सरचं भांडं घरात विचारल्याशिवाय वापरू नका. मी विचारलं नव्हतं, कारण भांडं माझंच होतं. चटणीला रंगाचा वास यायला लागल्यावर मलाच माझा राग आला.

आता सविस्तर. सांगलीत विश्रामबागला आमच्या वरच्या खोलीत आठ बाय तीन फुटांचा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेली फळी, आहे. रूळ, गाडी, वायरी हे सगळं ह्यांचं खातं. रुळाच्या बाहेर जे दिसतं ते माझं. विषय आहे मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी जुनी छोटी गाडी, म्हणजे आमच्याकडचे लोक अजून जिला ‘बार्शी लाइट’ म्हणतात ती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली बार्शीला सुरू केलेली ही लाइन 1927 मध्ये मिरजेपर्यंत आली. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. आता तिथून ब्रॉडगेज जाते.

आमचं माप 1:87, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. भागाकार केला तर 762 चे 8.76 मिलिमीटर होतात आणि एन गेजचा (मॉडेल गाड्यांचं एक लहान माप) तयार रूळ 9 मिलिमीटरचा मिळतो. म्हणजे पाव मिलिमीटरच्याही आत काम झालं. ब्रॉडगेज करणाऱ्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. 1676 चे व्हायला पाहिजेत सव्वाएकोणीस आणि रूळ मिळतो साडेसोळाचा. फक्त एन गेजचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) बारीक आणि फार जवळजवळ असतात, ते छोट्या गाडीला शोभत नाहीत. ते मी मातीत बुजवून टाकले. जुन्या फोटोंतही तसे निम्मे मातीतच दिसतात.

आता यंत्राकडे. चहाच्या गाळणीएवढी जाळी, खाली मूठ, मुठीत 9 व्होल्टची बॅटरी आणि एक लांब वायर, तिच्या टोकाला चिमटा. जाळीत नायलॉनचे बारीक तंतू भरायचे. फळीवर फेविकॉल लावायचा, त्या ओल्या फेविकॉलमध्ये एक खिळा टोचून त्याला चिमटा लावायचा, बटण दाबायचं आणि दोन-तीन सेंटिमीटरवरून जाळी हलवायची. आतल्या सर्किटमुळे जाळी आणि फेविकॉल यांच्यात काही हजार व्होल्टचा ताण तयार होतो आणि तंतू त्या ताणाच्या दिशेने, म्हणजे सरळ उभे, खाली येऊन रुततात. पहिल्यांदा केलं तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून वर बोलावलं. हाताच्या पंजाएवढ्या जागेवर क्षणात माळ उगवला होता. नुसते भुरभुरलेले तंतू आडवे पडतात आणि ते गवत न दिसता न्हाव्याच्या दुकानातली जमीन दिसते.

हे झालं नोव्हेंबरात. डिसेंबर-जानेवारीत निम्मा लेआउट असाच उरकला. मग लग्नसराई, परीक्षा, यात काम राहिलं आणि उरलेलं मेमध्ये काढलं. मेमध्ये सांगलीच्या उन्हात फेविकॉलवर पाच मिनिटांत साय धरते. तंतू त्या सायीवर उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी फुंकर मारली की उडून जातात. जागा लहान लहान घेऊन, पाण्याचा हलका फवारा मारून कसंबसं निभावलं. जुलैत उलटी तऱ्हा. फेविकॉल मस्त ओला राहतो, पण गवत उभंच राहत नाही. मला वाटलं बॅटरी गेली. नवी घातली, तरी तेच. यंत्र विकणाऱ्याला मेसेज केले, उत्तर नाही. शेवटी ह्यांनी सांगितलं की हवा दमट असली की तंतूंवरचा विजेचा भार टिकत नाही, गळून जातो. मग तंतू परातीत पसरून पत्र्यावरच्या उन्हात ठेवले (जुलैत दोन तास ऊन मिळालं हेच नशीब), जागेवर केस वाळवायचा ड्रायर फिरवला, तेव्हा निम्मेशिम्मे उभे राहिले. तेव्हापासून आमच्या घरात नियम झालाय : गवताची पेरणी रब्बीतच.

शॉक बसतो का? बसतो. जीवघेणा नाही, पण मूठ हातातून सुटते आणि जाळीतलं सगळं गवत साडीवर. बटण बंद केल्यावरही थोडा भार आत उरतो, म्हणून आधी चिमटा जाळीला टेकवायचा आणि मगच हात लावायचा. डास मारायच्या बॅटचं सर्किट आणि स्टीलची गाळणी जोडून असलंच यंत्र घरी करतात. ह्यांनी तेही करून पाहिलं. दोन मिलिमीटरच्या तंतूंना ते पुरतं, चार मिलिमीटरचे मात्र वाकडेतिकडे बसतात. पैसे वाचवायचे असतील आणि घरात विजेची जाण असलेलं माणूस असेल तरच त्या फंदात पडा.

माझी खरी तक्रार रंगाची आहे. यंत्राबरोबर आलेल्या सहा पुड्या सहा हिरव्या. असला हिरवा रंग आरग, बेळंकी, सलगरे ह्या बाजूला वर्षातून फार तर दोन महिने दिसतो. कवठेमहांकाळच्या पुढे तर तेवढाही नाही. आमचा माळ पिवळा, भुरा, मध्येच करडा. वाळक्या गवताच्या रंगाच्या पुड्या वेगळ्या मागवाव्या लागल्या आणि त्या महाग पडल्या. शेवटी प्रमाण ठरलं ते असं : तीन भाग वाळकं, एक भाग हिरवं. हिरवं फक्त नाल्याच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली जिथं गळती असते तिथं आणि बांधावर. तेवढं केल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आता आपल्याकडचं वाटतंय. मघाशी काश्मीर केलं होतंस.”

माती मात्र फुकट आणि सर्वांत टिकाऊ निघाली. जतच्या बाजूला नातेवाइकांकडे गेलो तेव्हा पिशवी भरून आणली. आधी कढईत चांगली भाजायची, म्हणजे किडे-अंडी मरतात. मग रव्याच्या चाळणीने आणि नंतर मैद्याच्या चाळणीने चाळायची. आणि मग, हे विसरू नका, तिच्यातून लोहचुंबक फिरवायचं. जुन्या स्पीकरचं चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी परातीतून फिरवलं तर पिशवीला काळी मिशी फुटली. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात आणि तेच मातीत उतरतात. रुळाशेजारी ते राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर अडकते. ह्यांचं एक इंजिन असंच बंद पडलं होतं. महिनाभर त्याचा ठपका माझ्या गवतावर होता, उघडून बघितलं तर काळी रेती. खडीचंही तेच. खडी म्हणजे क्रशरवरची बारीक कच चाळून घेतलेली, दाणा अर्ध्या मिलिमीटरचा. खऱ्या मापात ती दोन इंचांच्या आतबाहेर येते. तिलाही चुंबक हवंच.

एक गोष्ट अपघाताने चांगली झाली. काळी माती पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये (निम्मं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब) कालवून जरा जाड थापली होती. वाळली तशी ती आकसली आणि सगळीकडे भेगा पडल्या. मी भरायला निघाले होते. ह्यांनी हात धरला. एप्रिलमधलं नांगरायचं राहिलेलं रान डोळ्यांपुढे होतं, मापासकट. शेजारच्या तुकड्यात ज्वारी आहे. ती काथ्याच्या पायपुसण्याच्या कापलेल्या पट्ट्यांची, दीड सेंटिमीटर उंच, म्हणजे सव्वाचार फूट. पोटरीला आलेली ज्वारी समजा.

चहाच्या चोथ्याबद्दल सगळेच सांगतात, म्हणून मीही वापरला. पालापाचोळा म्हणून दिसतो सुरेख. ऑगस्टमध्ये त्याला पांढरी बुरशी आली आणि खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास सुटला. सगळा खरवडून काढला. लाकडाचा भुसा रंगवून वापरलेला मात्र जसाच्या तसा आहे. टेकाडाच्या कागदासाठी कणकेची खळ केली तर तिच्यात चिमूटभर मोरचूद टाका, बाइंडिंगवाले टाकतात तसं. पहिल्या टेकाडात मी टाकलं नव्हतं, ते कसरीने खाल्लं. मोरचूद विषारी असतं, तेव्हा पोरांच्या हाताला लागू देऊ नका आणि स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका. (मिक्सरनंतर मी एवढं शिकले.)

झाडं हा माझा आवडता भाग, त्यामुळे थोडक्यात आवरते, नाहीतर संपणार नाही. सांगाडा म्हणून वाळलेल्या तुळशीच्या फांद्या उत्तम. पण घरातल्या तुळशीला हात लावू देणं सासूबाईंना मंजूर नव्हतं, आणि खरं तर मलाही. रस्त्याकडेची रानतुळस आणली. पाला म्हणजे गादीचा फोम मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवून रंगवलेला. बाभूळ वीस फुटांची धरली तर सात सेंटिमीटर, आणि ती वरून चपटी पाहिजे. गोल केली की तिची बाभूळ राहत नाही, फ्लॉवर होतो.

आता किट. दोन मिलिमीटर एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेली पातळ फळी), लेझरने कापलेलं, ‘इंडियन स्टेशन’ म्हणून विकलेलं. भिंतींवर विटा कोरलेल्या होत्या, आमच्याकडे काळा दगड. छपराचा उतार बर्फ घसरून पडावा असा. कडा लेझरने जळून तपकिरी झालेल्या, त्या घासल्याशिवाय रंग धरत नाहीत. हे सगळं मी दुरुस्त केलं असतं. पण सीलर (रंगाआधी द्यायचा, ओल आत जाऊ न देणारा थर) न लावता पाण्याचा रंग दिला ही माझी चूक, आणि जुलैत फलाटाची पट्टी मधोमध तीन मिलिमीटर वर उचलली गेली ही तिची. खऱ्या मापात ते दहा इंच होतात. गाडी अडकायची. विकणाऱ्याने सांगितलं, ‘सीलर लावायचा असतो.’ डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. किटमधल्या खिडक्या-दारं तेवढी ठेवली, बाकी सगळं फोमबोर्डचं केलं. फोमबोर्डचा वरचा कागद सोलायचा, आतल्या फोमवर बॉलपेनने दगडांच्या रेघा दाबायच्या, काळपट करडा रंग द्यायचा. दार साडेचोवीस मिलिमीटर उंच, म्हणजे सात फूट. एवढं एक माप धरलं की बाकीची इमारत आपोआप जमते.

छप्पर पन्हाळी पत्र्याचं. ह्यात आमचा शोध नाही, पण गणित आमचं. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हळींमधलं अंतर तीन इंच धरलं तर 1:87 ला 0.88 मिलिमीटर येतं. पाच मिलिमीटरच्या साध्या बोल्टच्या आट्यांमधलं अंतर असतं 0.8. हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर आट्यांची सळई आणली, जेवणाच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा कापून सपाट केला, तो जुन्या रबरी माऊसपॅडवर ठेवला आणि सळई लाटण्यासारखी दाबून एकदाच फिरवली. पन्हळी उमटतात. आटे तिरके असल्यामुळे त्याही किंचित तिरक्या येतात, तर कापताना कडेला समांतर न कापता पन्हळीला धरून कापायचं. अठ्ठावीस बाय नऊ मिलिमीटरचे तुकडे, म्हणजे आठ फुटी पत्रे. एकावर एक अर्धी पन्हळ चढवून चिकटवले आणि कडांना पातळ गंजाचा रंग सोडला. अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त कौतुक ह्या छपराचं झालं, आणि त्याला खर्च आला एका पनीर मसाल्याचा.

जमिनीखाली एक्सपीएस शीट (थर्माकोलसारखाच, पण दाणे नसलेला घट्ट फोम) आहे, थर्माकोल नव्हे. थर्माकोल कापला की दाणे घरभर होतात, स्प्रे रंग मारला की तो वितळतो. स्प्रेने एक्सपीएसही वितळतं, पण सुरीने ते बटाट्यासारखं सरळ कापलं जातं. पट्ट्या एकावर एक ठेवून पायऱ्या पायऱ्यांचं टेकाड केलं की आपल्याकडचा डोंगर होतो. ह्यांना बोगदा हवा होता. माळरानात बोगदा कसला? तो वाद मी जिंकले.

गुण द्यायचेच तर यंत्राला पाचपैकी साडेतीन. एक गुण पावसाळ्याचा कापला, अर्धा सहा हिरव्या पुड्यांचा. किटला एक, तोही खिडक्यांसाठी. मातीला पाच.

सासूबाई लहानपणी ह्याच गाडीने पंढरपूरला जायच्या. लेआउट पूर्ण झाला म्हणून मागच्या आठवड्यात त्यांना खुर्ची देऊन समोर बसवलं. गाडी दोन फेऱ्या फिरली. त्यांनी छप्पर बघितलं, बाभळी बघितल्या, मग म्हणाल्या, “गाडी एवढी जोरात कुठं जायची गं? आणि फलाटावर रांजण कुठाय?” ह्यांनी वेग निम्मा केला. रांजण दीड फुटाचा धरला तर सव्वापाच मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोठ्या मिऱ्याएवढा. सध्या डब्यातले मिरे निवडतेय.