बाली स्त्रीचे व्यक्तिचित्र: खडूतले की जाड तैलरंगातले?

बालीतल्या उबुद या गावाहून एखाद्या स्त्रीचे व्यक्तिचित्र घरी आणायचे ठरले, की निवड बहुधा दोन परंपरांपाशी येऊन थांबते. एक रुडॉल्फ बोने या १९२९ साली बालीत आलेल्या डच चित्रकाराची, खडू आणि पेस्टलमधल्या नेमक्या रेखाटनाची. दुसरी अफांदी या इंडोनेशियन चित्रकाराची, ज्याने नळीतला रंग थेट कॅनव्हासवर पिळून तो बोटांनी फिरवला. उबुदच्या नेका संग्रहालयात दोघांचीही कामे आहेत, ती आधी पाहावीत. मी या दोन्ही धाटणींतली स्थानिक चित्रकारांची चित्रे घेतली आणि काही वर्षे घरात लावली.

खडूचित्रातली स्त्री नारळाच्या कोवळ्या पातीची चनांग सारी, म्हणजे रोजच्या नैवेद्याची चौकोनी परडी, विणते आहे. तिच्या बोटांची पेरे आणि झुकलेली पापणी इतकी हुबेहूब आहेत की, निव्वळ रेखाटनाचा विचार केला तर मी याच चित्राला उजवे म्हणेन. मात्र खडू हात लागताच पुसला जातो, म्हणून काच अटळ ठरते. आमच्याकडे दुपारी खिडकीचे गज तिच्या कपाळावर उमटत आणि संध्याकाळी ट्यूबलाइटची पांढरी पट्टी गालावरून जाई. मी तीनदा जागा बदलली, तरी चेहरा पाहायला उभा राहिलो की काचेत आधी माझाच चेहरा दिसे. या एका गोष्टीने माझे मन हळूहळू त्या चित्रावरून उडाले.

तैलचित्रातली स्त्री डोक्यावर गेबोगान, म्हणजे नैवेद्याच्या फळांची उतरंड, घेऊन देवळाकडे निघाली आहे. डोळे म्हणजे दोन काळे फटकारे. साम्य शोधणाऱ्याची कदाचित निराशा होईल. पण मानेवरची शीर तांबड्या रंगाच्या एकाच जाड वळीने उभी केली आहे, आणि तिरप्या उन्हात त्या वळीची खरी सावली पडते तेव्हा डोक्यावरचे ओझे मला माझ्या मानेत जाणवते. मधे काच नाही. अडचणी आहेतच: जाड रंग आतून वाळायला महिनोन्‌महिने लागतात, कॅनव्हास गुंडाळून आणता येत नाही आणि खाचांतली धूळ मऊ ब्रशने अलगद काढावी लागते.

भिंत खिडकीसमोर नसेल आणि चेहऱ्याची ठेवण महत्त्वाची वाटत असेल, तर खडूचित्र घेण्यात काहीच चूक नाही. माझे आता आतल्या बोळात आहे. बैठकीच्या दर्शनी भिंतीवर गेबोगानवाली आहे.