पाळणाघरात पालकांनी मधेच यावं का? उघडं दार, ठरलेली वेळ आणि बंद दार

घरच्या घरी पाळणाघर सुरू करणारी बाई फी, डबा, सुट्ट्या, उशिरा नेलं तर किती पैसे, हे सगळं पहिल्याच दिवशी ठरवते. पालक दिवसा मधेच आले तर काय, हे मात्र ठरवायचं राहून जातं. मग कधीतरी दुपारी बेल वाजते आणि निर्णय दारातच होतो. समोरची आई घाईत असते आणि आपण भिडेत, त्यामुळे तो निर्णय बहुतेक वेळा चुकतो.

पद्धती साधारण तीन दिसतात. कधीही या, ठरलेल्या वेळी या, किंवा सोडताना आणि नेताना काय ती भेट. कुठलीच सरसकट बरोबर नाही. घर केवढं आहे, मुलं किती लहान आहेत आणि मदतीला कुणी आहे का, यावर बरंच काही अवलंबून असतं.

कधीही या

विश्वासाच्या बाबतीत हिला तोड नाही. 'तुम्हाला वाटेल तेव्हा या' असं ऐकलं की पालक पहिले काही दिवस खरंच येतात आणि मग आपोआप येईनासे होतात. कॅलिफोर्नियात तर कायद्यानेच हे बंधनकारक आहे. परवानाधारक पाळणाघर घरगुती असलं तरी कामाच्या वेळेत पालक न सांगता आत येऊन पाहू शकतात. मुलांना धोका होईल असं कुणी वागत असेल, तरच त्याला अडवता येतं.

आपल्या टू बीएचकेत मात्र गणित वेगळं असतं. दुपारचे सव्वादोन. हॉलमध्ये सतरंजीवर खेळणी तशीच पडलेली, आतल्या खोलीत ओळीने गाद्या, कोपऱ्यात एक झोळी. नुकतं सगळं शांत झालेलं असतं आणि बेल वाजते. "काकू, मीटिंग लवकर संपली. पाचच मिनिटं बघून जाते हं." सव्वा वर्षाची लेक आईचा आवाज ऐकून उठून बसते, हसते, कडेवर जाते. ती पाच मिनिटं खरोखर गोड असतात. मग आई पर्स उचलते आणि टाहो फुटतो. शेजारच्या गादीवरचा उठतो, त्याच्या रडण्याने झोळीतला. आई रिक्षात बसून डोळे पुसते, "माझी मुलगी तिथे रडते" असं रात्री नवऱ्याला सांगते, आणि इथे मदतनीस ताई चार वाजेपर्यंत एकाला कडेवर, दुसऱ्याला मांडीवर घेऊन बसलेली असते.

यात आईची चूक नाही, वयच तसं असतं. साधारण आठव्या महिन्यापासून आई दिसेनाशी झाली हे मुलाला कळायला लागतं, आणि पुढचं वर्षभर तरी ते दुःख मोठं असतं. सकाळचा निरोप एकदा रडून झालेला असतो, दुपारी तोच पुन्हा घ्यावा लागतो. तीन वर्षांच्या मुलांत एवढी अडचण येत नाही. ती आईला आपला मनोरा दाखवतात आणि परत खेळायला जातात. तुमच्याकडे सगळी तीनच्या पुढची असतील तर ही पद्धत बिनधास्त ठेवा.

ठरलेल्या वेळी या

भेटींची संख्या ठरवणं आपल्या कायद्यालाही नवं नाही. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असंही घातलं. पण ती आई जिन्याने खाली उतरून येणारी. घरगुती पाळणाघराला हा नियम लागू नाही, आणि हिंजवडीत नोकरी करणारी आई चार वेळा कोथरूडला येणारही नाही.

वेळ ठेवायचीच तर दोन बऱ्या: सकाळचं खाणं झाल्यावर अकराच्या सुमारास, किंवा मुलं उठून दूध प्यायली की चारनंतर. साफसफाई, स्वयंपाक, झोप कशातच खोडा येत नाही. चार वाजता येणारी आई मुलाला घेऊनच जाते, हा वरचा फायदा.

तोटा असा, की ठरल्या वेळी पाळणाघर नेहमीच छान दिसतं. पावणेअकराला सगळ्यांची नाकं पुसलेली, लंगोट बदललेले, टीव्ही बंद. मुलाला भेटण्यासाठी ही वेळ उत्तम. पाळणाघर पारखण्यासाठी जवळपास निरुपयोगी. शहाण्या पालकांना हे कळतं, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच. शिवाय अकराला मोकळं कोण असतं? घरून काम करणारे आणि आजी-आजोबा. ज्या आईला सगळ्यात जास्त काळजी, तिला ही वेळ कधीच साधत नाही.

फक्त सोडताना आणि नेताना

चालवणारीला सगळ्यात सोपं. घर घर राहतं. सासरे बनियनवर पेपर वाचत बसू शकतात, दहावीतल्या मुलाच्या खोलीत परकं माणूस डोकावत नाही. पालकांनाही सुरुवातीला यात काही वावगं वाटत नाही, कारण दारातली काकू हसतमुख असते.

तरीही नव्याने सुरू करणारीला मी हे सुचवणार नाही. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. कॅमेऱ्यातलं ते चित्रण सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून बंद दार म्हटलं की पालकांच्या मनात तेच येतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

यावर हमखास उपाय सांगितला जातो तो कॅमेऱ्याचा. दोन-तीन हजारांत वायफायचा मिळतो, आई ऑफिसातून मोबाइलवर बघते, भेटीची गरजच नाही. पण खारघरलाही कॅमेरा चालूच होता. आधी पालकांना मुलीला झालेली इजा दिसली, चित्रण नंतर पाहिलं गेलं. त्यात थेट प्रक्षेपण दिलं की प्रत्येक पालक बाकीच्यांची मुलंही दिवसभर पाहतो, कपडे बदलतानासुद्धा. वर दर अर्ध्या तासाने फोन येतो: "काकू, त्याने पाणी नाही प्यायलं अजून." माझं मत असं, की कॅमेरा हॉलमध्ये जरूर असावा, चित्रण जपून ठेवावं, कुणी मागितलं तर आपल्यासमोर दाखवावं, मोबाइलवर थेट देऊ नये. आणि भेटीच्या जागी तो धरू नये.

मग काय ठरवायचं?

दोन वर्षांखालची मुलं आहेत आणि घर दोन खोल्यांचं आहे असं धरते, कारण बहुतेकींचं तसंच असतं. तिथे पाहायला कधीही आणि भेटायला वेळेवर, अशी फोड करावी. पालकांना खात्री हवी असते ती पाहून मिळते. मुलाची घडी विस्कटते ती भेटीने.

प्रत्यक्षात हे असं चालतं. पालक केव्हाही येऊ शकतात, आगाऊ सांगायची गरज नाही. 1 ते 3 मध्ये बेल न वाजवता दारातून मिस्ड कॉल द्यायचा. चपला बाहेर, हात धुवायचे, आणि आतल्या खोलीच्या दारातून बघायचं. स्वयंपाकघर, संडास, काहीही बघा. मुलाला मात्र दिसायचं नाही. दिसलात तर त्या दिवशी मुलाला घरी घेऊन जायचं. हा शेवटचा नियम ऐकून काही पालक दचकतात, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. ज्याला खरंच तपासायचं आहे तो दोन मिनिटं उभा राहून जातो, ज्याला लेकराची आठवण आली तो चारला येतो.

दोघांना यातून सूट द्यावी. अंगावर पाजणारी आई कधीही येईल, तिच्यासाठी पडद्याआड एक खुर्ची ठेवा. नोकरदार आईला मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या कायद्यानेच आहेत. दुसरी सूट नव्या मुलाला. जर्मनीतल्या पाळणाघरांत 'बर्लिन पद्धत' चालते: पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर मुलासोबतच बसतात, सोडून जायचा पहिला प्रयत्न थेट चौथ्या दिवशी. आपल्याकडे पालकांना इतकी रजा मिळत नाही, पण पहिल्या आठवड्यात आजीने येऊन बसलं तरी पुष्कळ.

आजोबांचं मात्र नाजूक प्रकरण. दोन इमारती सोडून राहतात, रोज अकराला बिस्किटाचा पुडा घेऊन हजर, आणि बाकीची मुलं त्या पुड्याकडे बघत राहतात. त्यांना नियम आपण सांगू नये, त्यांच्या मुलाला किंवा सुनेला सांगावा. खाऊ आणायचा तर सगळ्यांना पुरेल एवढा, आणि आधी विचारून. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दूध.

हे सगळं प्रवेशाच्या कागदावर लिहून सही घ्या. ग्रुपवर टाकलेला नियम दोन दिवसांत वर सरकून जातो. त्याच कागदावर मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो घ्या, आणि सोसायटीच्या वॉचमनकडेही यादी द्या. आई-वडील वेगळे राहत असतील आणि ताब्याबद्दल कोर्टाचा आदेश असेल, तर त्याची प्रत प्रवेशाच्या वेळीच मागा. तेव्हा मागताना अवघड वाटतं. पण संध्याकाळी सहाला दोघं एकदम दारात उभे राहिले, तर तो कागद हातात असलेला बरा.