जीवन प्रमाण ॲप: बाबांचा हयातीचा दाखला यंदा घरीच काढला

आमचे बाबा रेल्वेचे पेन्शनर, वय ८१, सगळी नोकरी भुसावळच्या लोको शेडमधे. आता राहतात माझ्याकडे पुण्याला पण पेन्शनचं खातं अजून तिकडेच, हलवायचं नाव काढलं की चिडतात. गेल्या नोव्हेंबरला दाखला द्यायला गुडघे धरत धरत तिकडे गेलो, बँकेत (नाव नको) तास दीड तास लाईनीत, काउंटरवरच्याने फॉर्म घेऊन बाजूला ठेवला, पोच दिली नाही आणि आम्हीपण मागितली नाही. डिसेंबरअखेर पेन्शन जमाच नाही. विचारलं तर म्हणे दाखलाच आलेला नाही. परत फॉर्म, मग फेब्रुवारीत एरियर्ससकट सगळं जमा झालं, पण तोवर बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, मी सरकारदरबारी वारलोय.

म्हणून यंदा ॲप. ८० च्या पुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबर, त्यामुळे आम्ही आधीच उरकलं. दोन ॲप घ्यावी लागतात, एक जीवन प्रमाण आणि दुसरं आधार फेस आरडी, दुसरं नसेल तर चेहरा स्कॅनच होत नाही, इथेच माझी वीस मिनिटं गेली. आधी ऑपरेटर म्हणून माझं आधार, माझा चेहरा. मग बाबांचं आधार, ओटीपी, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, खाते नंबर, पेन्शन कोण मंजूर करतं, कोण देतं. हे शेवटचे दोन नीट बघून भरा, तिथे चुकलं की दाखला रिजेक्ट होतो. पुढे प्रश्न येतो, पुन्हा लग्न केलंय का? मी मोठ्याने वाचला. बाबा म्हणाले आईला विचारून सांगतो.

स्कॅनला गोलात चेहरा धरून डोळे मिचकवायचे असतात. बाबा एकदा मिटले की उघडेचनात. दोनदा फेल, मग लक्षात आलं खिडकी पाठीमागे आहे, खुर्ची फिरवली आणि झालं. लगेच मेसेजमधे प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर. फुकट. बोटांचे ठसे लागत नाहीत हे सगळ्यात बरं, शेडमधे काम करून बाबांच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत, मशीनवर कधीच उमटत नाहीत. घरात स्मार्टफोनवालं कोणी नसेल तर पोस्टमनला बोलवा, घरी येऊन ७० रुपयात काढून देतो.

ॲपच्या रेटिंगमधे एक स्टार कापला तो दोन ॲपच्या भानगडीसाठी. आणि आयडी आला म्हणजे काम संपलं असं समजू नका, दाखला मंजूर झाला का ते दोनचार दिवसांनी परत बघा, मी गेल्या वर्षीचं पोळलेलं असल्यामुळे रोज बघत होतो.

आईचं मात्र जमलं नाही. ती अनुदानित शाळेत बाई होती, तिची पेन्शन ट्रेझरीची, भुसावळच्या बँकेत यादी येते आणि हयात असल्याची आपल्या नावापुढे सही करायची. तुझंपण ॲपवर बघू म्हटलं तर नको म्हणाली. शाळेतल्या सगळ्या बाया त्याच यादीत आहेत, कोणाच्या नावापुढे सही नाही ते तिला तिथे गेल्यावरच कळतं, मग ती त्या बाईंच्या घरी जाऊन चौकशी करते. तिचं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ मिळाला.