जुन्या स्ट्रॅटचं वायरिंग: साफ करावं की नवं बसवावं?

१९७६ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार समोर आहे. व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर, मधूनच आवाज गायब.

माझं मत आधीच सांगतो: सोल्डरिंग आयर्न लगेच तापवू नका. खरखर बहुतेकदा पॉटमधल्या (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) धुळीची असते. पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. (बिजागरीचं तेल नको!) आवाज जात असेल तर आधी जॅकची (केबल खुपसायची जागा) सैल पट्टी तपासा. जुन्या पॉटच्या पाठीवर गिटारची जन्मखूणही असते. १३७७६३३ हा आकडा म्हणजे १३७ सीटीएस कंपनी, ७६ साल, ३३वा आठवडा. गिटार त्याआधीची असूच शकत नाही. मूळचे सोल्डर न छेडलेले असतील तर गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं.

नव्या वायरिंगचा खरा फायदा स्विचमध्ये आहे. त्या काळी स्विच तीन जागांचा होता; दोन पिकअपचा (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग) मिश्र आवाज हवा तर खटका मध्येच अडकवून ठेवायचे. पाच जागांचा स्विच फेंडरने १९७७मध्ये दिला. पॉट मात्र २५० के चेच (के म्हणजे किलोओहम) घ्या, ५०० के ने स्ट्रॅटच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी गुंडाळीच्या, पिकअपचा आवाज कर्कश होतो.

रोज स्टेजवर वाजवत असाल तर नवं बसवा. पण जुना संच तारांसकट अख्खा उचलून डब्यात ठेवा, एकही तार कापू नका.