क्लास-ई ट्रान्समीटर: सात महिने वापरल्यानंतर

सात महिने झाले, हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (साधारण ७ मेगाहर्ट्झ) मोर्ससाठी किटमधून जोडलेला क्लास-ई ट्रान्समीटर वापरतोय. शेवटच्या टप्प्यात बीएस१७० जातीचे तीन छोटे ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले, हीटसिंक नाही. पहिल्या दिवशी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) अर्धा मिनिट मोर्सची की दाबून धरली आणि भीत भीत ट्रान्झिस्टरवर बोट टेकवलं. जेमतेम कोमट! १२ व्होल्टवर ०.४८ अँपिअर घेतो आणि ५ वॉट देतो, म्हणजे कार्यक्षमता साधारण ८७ टक्के. माझा आधीचा लिनिअर ॲम्प्लिफायर तेवढ्याच ५ वॉटसाठी जवळपास दुप्पट वीज खायचा आणि वरची सगळी तापण्यात घालवायचा.

ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज आहे आणि त्याच वेळी करंटही वाहतोय, तेव्हा उष्णता होते. म्हणून त्याला अर्धवट उघडा ठेवायचाच नाही. स्विचसारखा एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. पण मेख पुढे आहे. बंद असताना ड्रेनच्या (ट्रान्झिस्टरचं आउटपुटचं टोक) कपॅसिटन्समध्ये चार्ज साठतो आणि स्विच चालू होताच ती ऊर्जा ट्रान्झिस्टरमध्येच जळते, सेकंदाला ७० लाख वेळा. नेथन आणि ॲलन सोकल या बापलेकांनी १९७५ मध्ये यावर तोड मांडली, तीच क्लास-ई. (१९९६ मध्ये बनावट लेख छापून आणून विद्वानांची फजिती करणारा भौतिकशास्त्रज्ञ तो हाच ॲलन.) कॉइल-कपॅसिटरची जुळणी अशी ठेवायची की स्विच लागायच्या क्षणी ड्रेनचं व्होल्टेज आपसूक शून्यावर येऊन थबकलेलं असेल. झोका टोकाला थांबतो तेव्हाच हात लावावा, तसं. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा कपॅसिटन्सही मग अडचण न राहता सर्किटचाच भाग होतो.

हे जमवण्यात माझे दोन रविवार गेले. एक आवर्तन फक्त १४३ नॅनोसेकंदांचं. ऑसिलोस्कोपवर गेट (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारं टोक) आणि ड्रेन यांचे सिग्नल एकाखाली एक लावून टोरॉइडचे (कड्यावर गुंडाळलेली कॉइल) वेढे कधी जवळ, कधी लांब सरकवत बसलो. ड्रेनचा उंचवटा गेट वर जायच्या आत खाली बसला, तसा करंटचा काटाही उतरला.

तक्रारी आहेतच. जुळणी एकाच बँडची. लो-पास फिल्टर नीट नसेल तर हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट वगैरे नको असलेले सिग्नल) थेट अँटेनात जातात. एसएसबी (आवाज पाठवायची एक पद्धत) तर विसराच: गेटवर सिग्नल कमी-जास्त केल्याने आउटपुट त्या प्रमाणात बदलत नाही, ते सप्लायच्या व्होल्टेजवर ठरतं. एएमवर आवाज पाठवणारे म्हणूनच आवाजाप्रमाणे सप्लायचं व्होल्टेजच कमी-जास्त करतात.

आणि एक चूक माझी. आदर्श जुळणीतही ड्रेनवर सप्लायच्या ३.५६ पट व्होल्टेज चढतं. १२ व्होल्टला ४३, १६ ला ५७. बीएस१७० ची मर्यादा ६० व्होल्ट. जरा जास्त वॉट मिळावेत म्हणून १६ व्होल्ट दिले, त्यात अँटेना न जुळलेली. पहिल्याच सीक्यूला (कुणी ऐकतंय का, अशी हाक) एक ट्रान्झिस्टर शॉर्ट. आता १३ च्या वर जात नाही, आणि अँटेना बदलली की कीला हात लावण्याआधी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळलीय त्याचं माप, बघतो.