पेन पीएच मीटर: काही महिने रोज वापरल्यावर

घरातली माझी बरीचशी झाडं मातीत नाहीत, खतपाण्यात आहेत. मनीप्लांट, सिंगोनियम, दोन पीस लिली. त्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) 5.5 ते 6.5 मध्ये राहावा म्हणून हा पेनच्या आकाराचा मीटर घेतला. सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. आकडा झटकन स्थिर व्हायचा, बॅटरी टिकायची, बटणं दोनच.

मग पीस लिलीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. झाड उचलून पाहिलं तर मुळांची टोकं तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारी. मीटरवर मात्र ठणठणीत 6.2. खत तेच, उजेड तोच. शेवटी रंग बदलणाऱ्या थेंबांचं किट आणलं. 6 च्या आसपास पाणी पिवळं दिसायला हवं, ते झालं नारिंगी. म्हणजे 5 च्याही खाली.

ताज्या बफर द्रावणांत (ज्यांचा पीएच ठरलेला असतो अशा द्रावणांत) मीटर बुडवला तेव्हा सगळा उलगडा झाला. 6.86 च्या द्रावणात 7.9 आणि 4.01 च्या द्रावणात 5.9. हे हिशोबात घेतलं तर झाडांच्या पाण्याचा खरा पीएच साधारण 4.4 निघतो. पीएचचं माप लॉगरिदमिक, म्हणजे एका अंकाला दहापट, असल्यामुळे 6.2 आणि 4.4 मध्ये आम्लतेचा फरक साठपटीच्या घरात जातो. मीटर चढा आकडा दाखवणार, मी तो बघून 'पीएच डाऊन'चे (पीएच उतरवणाऱ्या आम्लाचे) आणखी चार थेंब घालणार, आणि बिचारी मुळं भाजणार. दशांशापर्यंत आकडा दिसला की तो खराच वाटतो, हीच या उपकरणाची खरी गोम.

दोष इलेक्ट्रोडच्या काचेच्या फुग्यात होता. त्या काचेवर ओलसर थर टिकला तरच ती नीट काम करते. सुकली की प्रतिसाद मंदावतो आणि आकडे सरकतात. माझ्या मीटरच्या माहितीपत्रकात फक्त 'धुवून टोपी लावा' एवढंच आहे. टोपीत 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडचे थेंब हवेत, हे कुठेच छापलेलं नाही. ही चूक मी कंपनीच्याच माथी मारेन. टोपीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरणं तर आणखी वाईट, कारण ते इलेक्ट्रोडच्या आतले क्षार हळूहळू ओढून घेतं.

रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवल्यावर मीटर बऱ्यापैकी शुद्धीवर आला. मग आधी 6.86, नंतर 4.01 असं दोन बिंदूंवर कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मीटरचा आकडा बफरच्या आकड्याशी जुळवून घेतला. नुसत्या एका बिंदूवर भागत नाही: 6.86 ला बरोबर दाखवणारा मीटर 4 च्या बाजूला चुकत असू शकतो. बफर एकदा वापरलं की टाकून द्यायचं, बाटलीत परत ओतायचं नाही. फुगा कापडाने घासायचा नाही, कागदाने अलगद टिपायचा. आता दर आठवड्याला 4.01 मध्ये बुडवून बघतो, 0.1 हून जास्त फरक दिसला तरच पुन्हा कॅलिब्रेशन.

दोन तक्रारी मीटरवर उगाच घातल्या जातात. आरओच्या नुसत्या पाण्यात आकडा भरकटत राहतो, कारण त्यात आयनच (विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण) फार थोडे असतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएचही घसरत जातो. त्यामुळे खत मिसळून, ढवळूनच मोजायचं. दुसरी म्हणजे, आज 6 वर आणलेलं पाणी परवा पुन्हा 7 च्या वर. तो बहुतेक वेळा पाण्यातल्या बायकार्बोनेटचा (आम्लता मारणाऱ्या क्षाराचा) प्रताप असतो, तिथे मीटर खरंच सांगतोय. सायट्रिक आम्ल वापरत असाल तर तेही सूक्ष्मजंतू खाऊन टाकतात आणि पीएच परत चढतो.

पीस लिलीची कुजकी मुळं कापली, पाणी बदललं. एक सावरली, दुसरी गेली. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर उलट बाजूचा संशय घ्यावा, म्हणजे पीएच चढल्याने लोह मिळत नसल्याचा.

मीटर ठेवलाय, फेकला नाही. पण थेंबांच्या किटशी पडताळल्याशिवाय आता त्याच्या शब्दावर आम्ल घालत नाही. पाचपैकी तीन तारे. एक तारा माहितीपत्रकाने घालवला, दुसरा इलेक्ट्रोड बदलता येत नाही म्हणून. काचेचे इलेक्ट्रोड वर्ष-दोन वर्षांत म्हातारे होतातच, तेव्हा पुढचा मीटर घेताना इलेक्ट्रोड सुटा मिळतो का, हे मी आधी बघणार.